बांधाची उंची आणि समुद्राचे शून्य

कोकणच्या किनाऱ्याविषयी आज जेवढी आकडेवारी हाताशी आहे तेवढी पूर्वी कधीही नव्हती. दर थोड्या दिवसांनी अवकाशातून त्याची छायाचित्रे घेतली जातात. भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी छापून निघतात. हैदराबादेत १९९९ साली स्थापन झालेली, इन्कॉइस या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी महासागरविषयक माहिती देणारी केंद्रीय संस्था लाटांच्या उंचीचा आणि मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांचा अंदाज नित्य प्रसृत करते. आणि तरीही उधाणाच्या दिवशी बांधाच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला जो एकच प्रश्न खरोखर छळतो, की आज येणारे पाणी आपल्या बांधाच्या माथ्याखाली राहील की माथ्यावरून आत उतरेल, त्याचे उत्तर या विपुल संचयात सहसा सापडत नाही. ते का सापडत नाही, आणि सापडावे म्हणून काय करावयास हवे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो नीट ध्यानात यावा यासाठी अवघा किनारा न घेता रायगड जिल्ह्यातील धरमतरच्या खाडीकाठचा, पेण आणि अलिबाग या तालुक्यांतील खारेपाट तेवढा मी डोळ्यांपुढे ठेवणार आहे.

खारेपाटातील भातशेती ही माणसाच्या हातांनी समुद्राच्या कह्यातून सोडवून आणलेल्या जमिनीवर उभी आहे. खाडीच्या तोंडाशी गाळ साचून जी सपाट चिखलवट तयार होते, तिच्या कडेने मातीचा बांध घालावयाचा, भरतीचे पाणी बाहेर अडवावयाचे, आत पडलेल्या पावसाने वर्षानुवर्षे जमिनीतील खार धुऊन काढावयाचा, आणि मग तिच्यात भात पेरावयाचे, असा हा उद्योग शतकानुशतके चालत आला आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या महसुली दफ्तरात अशा जमिनींसाठी शिलोत्री ही धारणापद्धती स्वतंत्रपणे नोंदलेली आढळते. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आणि त्याबद्दल कुळांकडून वेगळे धान्य घेण्याचा त्याचा हक्क, असा तो व्यवहार होता. पुढे खोती आणि सावकारी यांच्या विरुद्ध याच परिसरात चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जो प्रदीर्घ संप केला, त्याची पार्श्वभूमीही ही खारी जमीनच होय. १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला, आणि बांधाची जबाबदारी बव्हंशी सरकारकडे गेली. गावाचा बांधाशी असलेला नित्याचा संबंध या स्थित्यंतरात सैल झाला, ही गोष्ट मात्र कोणत्याही कायद्याच्या हेतूत नव्हती.

बाहेरच्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात, आणि त्यात ठिकठिकाणी उघाडी बसविलेली असते. या उघाडीची रचना पाहण्यासारखी आहे. बांधातून आरपार गेलेल्या दगडी मोरीच्या खाडीकडील तोंडावर वरच्या बाजूने टांगलेली एक झडप असते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा दाब तिला मोरीच्या तोंडावर घट्ट आवळून धरतो. ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्या पाण्याच्या खाली गेली की आतले पावसाचे पाणीच तिला ढकलून बाहेर पडते. कोणी माणूस तेथे हजर नसला तरी दिवसातून दोनदा समुद्र आपल्याच हाताने हा दरवाजा लावतो आणि उघडतो. पण झडपेखाली एखादा ओंडका किंवा प्लॅस्टिकचा गोळा अडकला, तर तीच मोरी खारे पाणी शेतात सोडते. ऐन उधाणात अशा बांधावर उभे राहावे, म्हणजे डाव्या हाताला खाडीचे गढूळ पाणी माथ्याखाली अवघे हात-दीड हात असते, आणि उजव्या हाताला, त्या पाण्याच्या पातळीहून पुष्कळच खाली, भाताचे हिरवे रोप उभे असते. आणि या दोहोंमध्ये आपण ज्या मातीवर उभे आहोत तिच्या कुशीत खेकड्यांनी पोखरलेल्या बिळांतून पाण्याची बारीक धार आतल्या बाजूस पाझरताना दिसते. बांधाला खांड पडते ती पुष्कळदा अशाच एका बिळापासून. आणि खांड पडून खारे पाणी एकदा आत शिरले की त्या हंगामाचे पीक जाते एवढेच नव्हे, तर जमीन पुढील काही पावसाळे नापीक राहते. मोड आणलेले बी फोकून पेरण्याची रहू पद्धत आणि खार सोसणाऱ्या राता जातीच्या भाताची जोपासना ही या भागातील शेतकऱ्यांनी त्या संकटाला शोधलेली उत्तरे आहेत.

अशा ठिकाणी पाण्याविषयीचे पहिले ज्ञान वेळेचे असते, आणि ते किनाऱ्यावरील माणसांपाशी फार पूर्वीपासून आहे. पंधरवड्याच्या तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीचा तास निघतो, हा हिशेब कोळी आणि आगरी घरांत तोंडपाठ असतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भर दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, या खगोलशास्त्रीय सत्याचेच हे व्यवहारी रूप आहे, आणि घरातील कामे उरकण्यापुरते ते पुरेसे अचूकही आहे. तथापि पाऊणकीने वेळ कळते, उंची कळत नाही. चंद्र पृथ्वीच्या निकट असतानाची अमावास्या आणि दूर असतानाची अमावास्या यांच्या उधाणांत मोठा फरक असतो, आणि तो सांगण्यासाठी शेकडो भरत्यांच्या प्रत्यक्ष मापनातून काढलेले गणित लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाने ते काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती घेतले. त्याचा प्रारंभ कच्छच्या आखातात झाला, आणि तोही तेथील जमीन समुद्राच्या तुलनेने वर-खाली होते की काय हे ठरविण्यासाठी. हिंदुस्थानातील बंदरांची भाकिते काढण्याकरिता १८७९ साली इंग्लंडात चाकांचे आणि कप्प्यांचे एक स्वतंत्र यंत्रच तयार करविण्यात आले. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासून आहे. आशिया खंडातील इतक्या दीर्घ नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, आणि आपण त्या वारशाची वाच्यता फारच कमी करतो.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. अडचण सुरू होते ती उंची कोठून मोजावयाची या प्रश्नापाशी, आणि या प्रश्नापाशी वाचकाने माझ्याबरोबर जरा थांबावे अशी माझी विनंती आहे.

उद्या दुपारी ४.९ मीटरची भरती येणार, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. हे ४.९ मीटर कशाच्या वर? भरतीच्या कोष्टकातील शून्य हे नाविकांच्या सोयीसाठी ठरविलेले आहे: ओहोटीचे पाणी सामान्यतः ज्याच्या खाली जात नाही अशी ती पातळी, जेणेकरून नकाशात दाखविलेल्या खोलीपेक्षा कमी पाणी जहाजाला कधी लागू नये. मुंबईस समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर असते. म्हणजे ४.९ मीटरची भरती ही सरासरी पातळीच्या वर सुमारे २.४ मीटर चढते. जमिनीची मोजणी करणाऱ्यांचे शून्य मात्र ही सरासरी पातळीच असते. कराचीपासून ओडिशाच्या फॉल्स पॉइंटपर्यंतच्या नऊ बंदरांवरील नोंदींवरून ती ठरवून १९०९ साली देशभराच्या उंचीमापनाचे जाळे तिच्यावर बसविण्यात आले, आणि जुन्या इमारतींवर किंवा पुलांच्या कठड्यांवर कोरलेल्या सर्वेक्षणाच्या खुणा त्याच हिशेबाच्या आहेत. मुंबई महानगरपालिकेची गटारे आणि नाले आणखी तिसऱ्याच शून्यावर, टाऊन हॉलच्या इमारतीशी निगडित असलेल्या पातळीवर, आखलेले आहेत. आणि उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणारी उपकरणे पृथ्वीच्या ज्या काल्पनिक लंबगोल पृष्ठापासून उंची काढतात, ते पृष्ठ मुंबईच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष समुद्राच्या साठ मीटरांहूनही अधिक वर आहे, कारण गुरुत्वाकर्षणाच्या विषमतेमुळे हिंदी महासागरात पाण्याचे पृष्ठ खोलगट झालेले असून त्या खळग्याचा तळ श्रीलंकेच्या दक्षिणेस शंभर मीटरांहून अधिक खाली गेलेला आहे. अर्थात पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाची उंची असे उपकरण, दुरुस्ती न करता, उणे साठ मीटरांच्याही खाली दाखवील.

चार खाती चार शून्यांवरून बोलतात, आणि प्रत्येकाचे शून्य त्याच्या कामापुरते निर्दोष आहे. पण बांधाच्या आतल्या माणसाला या चारांची बेरीज-वजाबाकी करून हवी असते, आणि ती करून देणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. समजा एखाद्या बांधाचा माथा सरासरी समुद्रसपाटीपासून तीन मीटर उंच आहे. ४.९ मीटरची भरती आली तरी शांत हवेत त्याच्या माथ्याखाली सुमारे साठ सेंटिमीटर जागा उरते. ही साठ सेंटिमीटर जागा हेच त्या गावाचे सारे भांडवल. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर फुगते. वाऱ्याने खाडीत लोटलेले पाणी आणि लाटांची उसळी यांची भर निराळी. डोंगरावर मुसळधार पाऊस झालेला असेल तर अंबा नदीचा लोंढा त्याच वेळी वरून येतो. ज्याला हे भांडवल किती आहे ते ठाऊक आहे, त्याला वादळाच्या इशाऱ्यातील प्रत्येक आकड्याचा अर्थ लावता येईल. ज्याला ते ठाऊक नाही, त्याला ४.९ हा आकडा भयप्रद तरी वाटेल किंवा निरर्थक तरी. आणि बहुतेक बांधांची आजची खरी उंची कोणत्याही सामायिक शून्यापासून मोजून गावाच्या हाती दिलेली नाही. इस्टिमेटात लिहिलेली उंची बांध घातला त्या दिवसाची असते. चिखलावर उभारलेली माती पुढे दरवर्षी बसत जाते.

समुद्राची पातळीही स्थिर नाही. अपोलो बंदरावरील नोंदींवरून गेल्या शतकातील वाढ वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी, सुमारे पाऊण मिलिमीटर, इतकी निघते. ही गती नगण्य वाटेल. पण १९९३ पासून उपग्रहांनी केलेल्या मापनावरून उत्तर हिंदी महासागरातील अलीकडची वाढ वर्षाला तीन मिलिमीटरांहून अधिक आहे, आणि २००६ ते २०१८ या काळातील जगाची सरासरी ३.७ मिलिमीटर होती. या वाढीचा परिणाम लोक समजतात तसा एके दिवशी किनारा बुडण्याच्या रूपाने प्रथम दिसत नाही. तो दिसतो वारंवारतेत. जे पाणी पूर्वी केवळ वादळी उधाणात माथ्यापर्यंत येई, ते चार बोटांची वाढ झाल्यावर साध्या उधाणातही येऊ लागते. वर्षातील एक धोक्याचा दिवस पाच होतो, आणि मातीच्या बांधाला दुरुस्तीसाठी मिळणारी उसंत तेवढी आखडते.

मग उपग्रह ही उंची आकाशातूनच का मोजत नाहीत? मोजतात, पण कशी ते पाहिले पाहिजे. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने जगाच्या मोठ्या भागाचा उंचीचा नकाशा तयार केला, आणि पुढे दोन दशके किनाऱ्यांच्या अभ्यासात तोच मुख्यत्वे वापरला गेला. त्यातील रडारची किरणे झाडांच्या शेंड्यांवरून आणि घरांच्या छपरांवरून परतत असल्याने जमीन आहे त्याहून उंच भासते. ही चूक सुधारून २०१९ साली क्लायमेट सेंट्रल या संस्थेच्या संशोधकांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा भावी भरतीरेषेखाली येणाऱ्या लोकसंख्येचा अंदाज सुमारे तिपटीने वाढला. त्या वेळी मुंबईचा पुष्कळसा भाग रंगविलेला एक नकाशा सर्वत्र फिरला आणि त्याने लोक घाबरले. परंतु त्या जातीच्या नकाशातील एक चौकोन तीस मीटर किंवा त्याहून मोठा असतो, आणि खारेपाटातील बांधाचा माथा दोन-तीन मीटर रुंद असतो. नकाशाला बांध दिसतच नाही. परिणामी बांधाने राखलेली जमीन तो आजच पाण्याखाली दाखवितो, आणि खांड पडलेली व शाबूत असलेली खार यांत त्याला भेद करता येत नाही. ज्या प्रदेशात मोजावयाची उंचीच मुळी दीड-दोन मीटरांची, तेथे मीटर-दोन मीटर चुकणारे साधन घेऊन गावाच्या भवितव्यावर भाष्य करणे मला अनुचित वाटते.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. जून ते सप्टेंबर हे महिने कोकण ढगांखाली असते आणि साधी छायाचित्रे निरुपयोगी होतात. २०१४ पासून युरोपीय सेंटिनेल उपग्रहांचे रडार ढगांतून पाहते आणि पाणी काळ्या रंगाने दाखविते, ही मोठीच सोय झाली. परंतु जुलै महिन्यात भाताचे प्रत्येक खाचर पाण्याने भरलेलेच असते, आणि ते पाणी आकाशातून पडले की खांडीतून शिरले हे रडारला सांगता येत नाही. ते सांगण्यास बांधावर जाऊन ओंजळभर पाणी जिभेला लावणारा माणूसच लागतो. किनारारेषेच्या तुलनेतही असाच सावधपणा हवा. ज्या पुळणीचा उतार पन्नासास एक आहे, तिच्यावर तीन मीटरच्या फरकाने पाण्याची रेषा दीडशे मीटर सरकते. म्हणून भरतीच्या वेळचे एक चित्र आणि ओहोटीच्या वेळचे दुसरे शेजारी मांडून किनारा खचल्याचा निष्कर्ष काढला, तर तो खाडीचा नव्हे, घड्याळाचा निष्कर्ष ठरतो.

या मर्यादा सांगितल्या म्हणून उपग्रहांचे मोल कमी होत नाही. एका बाबतीत तर ते खारेपाटातील शेतकऱ्याचे सर्वांत भरवशाचे साक्षीदार ठरू शकतात. अलिबाग आणि पेण तालुक्यांत बाहेरकाठ्याला खांड पडल्यावर जेथे दुरुस्ती वेळेवर झाली नाही, तेथे भरतीबरोबर बिया येऊन शेतात कांदळवन उगवले. कांदळवन हे किनाऱ्याचे मोठे रक्षक आहे. त्याला कायद्याचे आणि न्यायालयाच्या आदेशांचे संरक्षण आहे आणि ते असलेच पाहिजे. पण त्यामुळे असा पेच निर्माण होतो की सातबारावर भातशेती, नकाशावर कांदळवन, आणि बांध पुन्हा घालावयाचा तर परवानगीचा प्रश्न; आणि ज्याची शेती गेली त्याला आपली जमीन केव्हा आणि कशामुळे गेली हे सिद्ध करता येत नाही. लँडसॅट उपग्रहांची चित्रमाला १९७२ पासून आहे आणि १९८४ नंतरची चित्रे तीस मीटरपर्यंत तपशील दाखवितात. ती आज कोणासही विनामूल्य पाहता येतात. अमुक वर्षीच्या उन्हाळ्यात ही खार कोरडी होती, पुढील वर्षी तिच्यात खाडीचे पाणी शिरले, आणि त्यानंतर काही वर्षांनी तेथे हिरवा पट्टा उमटला, हा क्रम त्या चित्रांतून वर्षवार मांडता येतो. बांध दिसत नसला तरी बांध फुटल्याचा परिणाम दिसतो. कोणत्या जमिनीला कांदळवन म्हणून राखावे आणि कोणत्या शेतकऱ्याला भरपाई द्यावी, याचा न्याय्य निवाडा करावयाचा तर हा पुरावा सरकारइतकाच गावाच्याही हाती असला पाहिजे.

पूर्वस्थितीची नोंद नसल्याने काय होते हे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दक्षिण रायगडात दाखविले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नुकसानीची मदत प्रथम हेक्टरच्या मापाने ठरली. पण तेथील वाडी म्हणजे काही गुंठ्यांची, अनेक सहहिस्सेदारांच्या नावांवर असलेली अरुंद पट्टी, जिच्यात नारळाखाली पोफळ आणि पोफळीखाली मसाल्याची झाडे अशी थरांची लागवड असते. हेक्टरच्या मापात ती मावत नाही. पुढे शासनाने झाडागणिक मदतीचा मार्ग स्वीकारला, तेव्हा वादळापूर्वी कोणाच्या वाडीत किती झाडे उभी होती हा प्रश्न पंचनाम्यापुढे आला. एकदा पडलेले पोफळीचे झाड पुन्हा फळावर येण्यास काही वर्षे जातात. त्याची संख्या मात्र तलाठ्याला पडलेल्या बुंध्यांवरून मोजावी लागली. वादळापूर्वीच्या एका शांत वर्षी काढलेले स्पष्ट हवाई चित्र प्रत्येक ग्रामपंचायतीपाशी असते, तर पुष्कळांचा मनस्ताप वाचला असता.

म्हणून माझे म्हणणे असे की किनाऱ्यावरील गावाला नव्या आकड्यांपेक्षा आहेत त्या आकड्यांना त्याच्या स्वतःच्या खुणांशी जोडून देण्याची गरज अधिक आहे. त्या खुणा गावापाशी आहेत. कोणत्या वर्षी पाणी उघाडीच्या भिंतीच्या कितव्या थरापर्यंत चढले, देवळाच्या कोणत्या पायरीला लागले, हे वृद्ध माणसे बोटाने दाखवितात, आणि मोजणीच्या दृष्टीने त्या पायरीइतका पक्का दाखला क्वचितच मिळतो. त्या पायरीची उंची सामायिक शून्यापासून एकदा काढली की पन्नास वर्षांपूर्वीचे उधाण आणि उद्याचे भाकीत एका पट्टीवर येतात. प्रत्येक उघाडीवर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रंगवावी. तिच्यावर बांधाच्या माथ्याची आजची उंची दाखवावी. उधाणाच्या दिवशी चढलेले पाणी, तिथी, वारा आणि पाऊस यांसह एका वहीत लिहावे. आणि वादळाचा इशारा गावाला देताना तो त्या पट्टीवरील आकड्यात द्यावा. बाहेरकाठ्याच्या माथ्याची फेरमोजणी दर उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या दुरुस्तीपूर्वी, व्हावी, म्हणजे जेथे माती सर्वाधिक बसली तेथेच पहिली भर पडेल.

यासाठी लागणारे साधन तालुक्याच्या गावी आलेले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात स्थिर संदर्भस्थानकांचे जे जाळे उभारले, त्याच्या आधाराने भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार आज रोव्हर नावाचे उपकरण खांबावर धरून शेतांच्या हद्दी सेंटिमीटरच्या बिनचूकपणाने कायम करतात. हद्दीसाठी त्यांना आडवे अंतर पुरते, म्हणून उंचीचा आकडा बाजूस राहतो. तोच रोव्हर घेऊन मोजणीदाराने बाहेरकाठ्यावरून चालावे, लंबगोलाच्या पृष्ठावरून मिळालेली उंची सर्वेक्षणाच्या एखाद्या जुन्या कोरीव खुणेशी पडताळून सरासरी समुद्रसपाटीत बदलावी, आणि तिचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. खांड बहुधा कोठे पडते, उघाडीची झडप कोठे अडते आणि खेकड्यांची बिळे बांधाच्या कोणत्या अंगाला आहेत, हे ज्यांना ठाऊक आहे अशी गावातील दोन माणसे त्या दिवशी मोजणीदाराबरोबर बांधावर असावीत, आणि तक्त्यावर त्यांच्याही सह्या असाव्यात.